एएची मीटिंग आणि व्यसनमुक्ती केंद्र: कुठं, केव्हा जायचं?

"तिथं किती दिवस ठेवतेत जी?" एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगचं नाव काढलं की आमच्याकडे गावात पहिला प्रश्न हाच येतो. दुसरा येतो पैशाचा. हे दोन्ही प्रश्न खरं तर व्यसनमुक्ती केंद्राला विचारायचे. दोन्ही ठिकाणं दारू सोडण्याची, म्हणून लोक एकालाच दुसरं समजतात, आणि या घोळात माणूस नको त्या वेळी नको त्या दारात जाऊन उभा राहतो.

केंद्रात भरती करून घेतात. काही आठवडे तिथंच राहायचं, औषधं घ्यायची, समुपदेशन घ्यायचं. सरकारी अनुदानावरची केंद्रं आहेत, तशी महिन्याला चांगले पैसे घेणारी खाजगीही आहेत. भरती करण्याआधी तीन गोष्टी विचाराच: डॉक्टर रोज येतात का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूमुळे होणारे मानसिक त्रासही आजारातच धरले आहेत. म्हणजे तिथं जाणारा माणूस पेशंट आहे, त्याला मारायचा, कोंडून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही.

मीटिंगमध्ये यातलं काहीच नसतं. ना खाट, ना डॉक्टर, ना फी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात सुरू झालं, दोन दारुड्यांच्या भेटीतून. त्यातला एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. आपल्याशी दुसरा दारुडा मोकळेपणानं बोलला की त्या दिवशीची दारू टळते, हे त्यांच्या लक्षात आलं. आजही मीटिंग त्यावरच चालते. शाळेची खोली किंवा समाजमंदिर, गोल मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांचा फलक. एक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि स्वतःचं सांगू लागतो: पेरणीसाठी काढलेलं कर्ज कुठं गेलं, पोरीच्या लग्नात आपण कुठं पडलो होतो. मधे कुणी तोंड घालत नाही, कुणी उपदेश करत नाही. तास-दीड तासानं चहा होतो, डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. नाही टाकले तरी चालतं. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. आडनाव, जात, धंदा कुणी विचारत नाही. गावात हे किती मोलाचं आहे, ते पानठेल्यावरची बोलणी ज्यानं ऐकलीत त्याला कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत, त्यानं मीटिंगच्या भरवशावर एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी 'बाहेरचं लागलं' म्हणून मांत्रिकाकडे नेलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत. त्याला आधी डॉक्टर हवा: जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग किंवा डॉक्टर असलेलं केंद्र. आणि चहात गुपचूप टाकायची पुडी तर कधीच नको. तशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो.

मीटिंग कामी येते ती केंद्रातून सुटल्यावर. गाव तेच, मित्र तेच, आठवडी बाजार तोच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यातही आहे, तरी मोहाची कुठं मिळते ते पिणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या पहिल्या वर्षात आठवड्यातून एकदा तरी समदुःखी माणसांत जाऊन बसणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटतं. ज्याला अजून थरथर सुरू झालेली नाही, तो डॉक्टरला एकदा विचारून थेट मीटिंगलाही जाऊ शकतो.

शोधायचं कसं? मनोविकार विभागात विचारा, किंवा १४४४६ या सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनला फोन करा. ग्रुपचा नंबर मिळाला की निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: मीटिंग आज आहे ना, किती वाजता सुटते, आणि ओपन आहे की क्लोज. ओपनला बायको, भाऊ, आशाताई कुणीही सोबत येऊ शकतं. क्लोज फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. सुटायची वेळ एवढ्यासाठी, की शेवटची एसटी गेली तर माणूस बसस्टँडवर अडकतो, आणि आपल्याकडे स्टँडशेजारी काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. बायकोसाठी, आईसाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन. नवरा पितच राहिला तरी तिला तिथं जाता येतं.

तालुक्यात ग्रुपच नसेल तर फोनवरच्या ऑनलाइन मीटिंगला बसा, रेंज मिळते तिथं जाऊन. आणि दारू सोडू पाहणारे दोघं-तिघं गावात असतील तर तेच मिळून एएचा ग्रुप सुरू करू शकतात, एएच्या परंपरेत त्याला मुभा आहे. जवळच्या शहरातल्या जुन्या ग्रुपला कळवलं तर पुस्तकं कुठं मिळतील, मीटिंग कशी चालवायची, ते सगळं समजावून सांगतात.