विलगीकरण टाकी, सागरी शोभिवंत माशांची

खाऱ्या पाण्यातले शोभिवंत मासे मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी, किंवा त्यांना रोग जडल्यावर, ज्या वेगळ्या व साध्या टाकीत ठेवून त्यांच्यावरच्या परजीवींचा नायनाट करतात, ती विलगीकरण टाकी. छंदी मंडळी तिला ‘क्वारंटाईन टँक’ किंवा नुसते ‘क्यूटी’ म्हणतात. इथे उदाहरण सोलापूरचे धरले आहे, ते मुंबईपासून रस्त्याने सुमारे ४०० किमी. लांब आहे. समुद्राचे पाणी इथे बादलीने आणता येत नाही, आर.ओ.च्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट विरघळवून ते घरीच तयार करावे लागते. नळाला काही दिवसांआड येणारे पाणी आणि वैशाखातला चाळिशीपार पारा, या दोन गोष्टी इथल्या उपचाराचे गणित ठरवतात.

सर्वांत नेहमीचा रोग म्हणजे सागरी इक किंवा ‘पांढरे ठिपके’. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय, केसल (अंगभर केसांसारखे बारीक तंतू असलेला) जीव त्याला कारणीभूत असतो. त्याचे हे शास्त्रीय नाव १९५१ सालचे.  माशाच्या परांवर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात, मासा दगडाला अंग घासतो, भराभर श्वास घेतो. ठिपका म्हणजे कातडीच्या आत शिरून खात बसलेला परजीवी. तिथे त्याला पाण्यातले औषध पोचत नाही. तीन ते सात दिवसांत पोट भरले की तो, बहुधा अंधारात, माशाला सोडतो, तळाशी चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून विभागू लागतो. एका कवचातून शेकडो पिल्ले निघू शकतात. त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषधाच्या तावडीत परजीवी सापडतो तो एवढ्याच अवस्थेत.

म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला, हा समज घातक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासा आरशासारखा स्वच्छ दिसतो, मालक खूश होऊन औषध थांबवतो, आणि आठवड्याभरात दुप्पट ठिपके येतात. गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळून आलेला माणूस सवयीने जाडे मीठ टाकायला जातो. गोड्या पाण्यातल्या इकवर ते चालते. इथला परजीवी मुळात खाऱ्याच पाण्यातला आहे, त्याचे मिठाने काही बिघडत नाही.

‘व्हेल्वेट’ हा दुसऱ्या एका परजीवीचा (ॲमिलोउडिनियम ऑसेलॅटम) रोग याहून घाईचा. अंगावर सोनेरी भुकटी दिसेपर्यंत कल्ले निकामी झालेले असतात. क्लाउनफिशच्या अंगावर पांढरट बुळबुळीत थर येऊ लागला तर ब्रुकलिनेला या आणखी एका परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर फॉर्मेलिन वापरतात, हातमोजे घालून आणि हवेशीर जागी. निओबेनेडेनियासारखे चपटे कृमी जिवंतपणी पारदर्शक असल्याने अंगावर असूनही दिसत नाहीत. तापमान व सामू (पीएच) जुळवलेल्या गोड्या पाण्यात माशाला पाच मिनिटे ठेवले की ते पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. हे निदानही झाले आणि तात्पुरता आरामही. पुढे प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाची मात्रा काही दिवसांनी पुन्हा द्यावी लागते, कारण अंड्यांवर तिचा परिणाम होत नाही.

टाकी जितकी ओकीबोकी तितकी चांगली. ४० ते ८० लिटरची काचपेटी, हीटर, हवेचा पंप, स्पंज फिल्टर आणि लपायला पी.व्ही.सी. पाइपचे दोन-तीन तुकडे. रेती, शिंपले व लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री खडक) नकोत. ते औषधातले तांबे शोषून घेतात. त्याच कारणाने फिल्टरमधला कोळसाही काढतात. स्पंज आधी महिनाभर चालू टाकीत ठेवून त्यावर माशांच्या मलातून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू बसू द्यावेत. विलगीकरणात दगावणारे बरेच मासे परजीवीने मरतच नाहीत, ते अमोनियाने मरतात. आणि दोष मात्र औषधाला दिला जातो.

इक व व्हेल्वेटवर पाण्यात तांब्याचे औषध घालणे हा जुना व खात्रीचा उपाय. साध्या आयनरूप तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावी लागते. चिलेट स्वरूपातल्या (तांबे दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेल्या) औषधाची मात्रा बरीच जास्त असते. ती बाटलीवरच्या सूचनेप्रमाणेच धरावी. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवतात व रोज टेस्ट किटने तपासतात. कमी पडली तर परजीवी तगतो, जास्त झाली तर मासा जातो. कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ तांब्यापुढे टिकत नाहीत, त्यामुळे मुख्य टाकीत हे औषध कधीही टाकायचे नसते.

तांबे नको असेल तर पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे खारटपणाचे माप) नेहमीच्या १.०२५ वरून १.००९ वर आणून काही आठवडे तिथेच धरतात. हा उपाय इकसाठी आहे, व्हेल्वेटवर तो चालत नाही. इकचेही काही वाण कमी क्षारतेत तगलेले आढळले आहेत. शिवाय सोलापुरी उन्हाळ्यात हे पाणी जागेवर राहत नाही. पाणी थंड ठेवायला टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवन वाढते. ४० लिटरचे ३६ झाले की १.००९ चे १.०१० होते. तांब्याच्या टाकीत त्याच हिशेबाने ०.२० चे ०.२२ होते. काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारून ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ आर.ओ.चे साधे पाणी रेघेपर्यंत भरावे. भर मिठाच्या पाण्याने घातली तर सगळे मुसळ केरात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मुरतो. वीज गेली तर हाताशी बॅटरीवरचा पंप हवाच.

तिसरी रीत टाकीबदलाची. कवच फुटायला किमान तीन दिवस लागतात, म्हणून दर ७२ तासांनी मासा दुसऱ्या, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचा. अशा चार हलवणुकांत, बारा दिवसांत, सगळे परजीवी मागे राहतात. हीदेखील फक्त इकसाठीच. ४० लिटरच्या दोन टाक्या आलटून-पालटून वापरल्या तरी पहिली धरून पाच वेळा नवे पाणी लागते: २०० लिटर पाणी, सात किलो मीठ. पाण्याचा दिवस पाहूनच मुहूर्त काढावा लागतो. एक मात्र सोपे जाते: रिकामी टाकी, स्पंज, पाइप गच्चीवर टाकले की सोलापूरचे ऊन ते दुपारपर्यंत खडखडीत वाळवते, आणि वाळलेले कवच मेलेले असते.

मासे उपचारात असताना मुख्य टाकी माशांविना ठेवतात. बहुतेक कवचे चार आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. म्हणून जाणते लोक ७६ दिवस थांबतात. त्या काळात कोळंबीला व जिवाणूंना थोडे खाणे घालावे लागते. नवा प्रवाळ किंवा खेकडा मध्येच आणून ठेवला तर त्याच्या बुडाला कवच चिकटून येऊ शकते, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते.