ताई चीतली डावी बाजू: एका वादाची पार्श्वभूमी

ताई ची या चिनी युद्धकलेतला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या मुद्रांची मालिका, आरशातल्यासारखी डाव्या बाजूनेही करावी का, हा वाद आहे. यांग या ताई चीच्या एका शैलीच्या जुन्या लांब फॉर्ममध्ये 'चिमणीची शेपटी धरणे' ही मुद्रा पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी उजवा पाय, उजवा हात पुढे असतो. तिच्यामागून येणाऱ्या 'एकेरी चाबका'त उजव्या हाताची चोच (बोटं एकत्र करून खाली वळवलेली) आणि डावा तळहात पुढे, हेही ठरलेलं. 'ढगांसारखे हात', 'माकडाला हटवत मागे जाणं', 'कोंबड्याचं एका पायावर उभं राहणं' हे दोन्ही बाजूंनी होतं. पण फॉर्मचा कणा असलेल्या या दोन मुद्रांना आरशातली जोडी नाही. हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या जुन्या फॉर्मचा कलही असाच. जोडीदाराबरोबरच्या हात ढकलण्याच्या सरावात मात्र दोन्ही बाजू आलटून पालटून घेतल्या जातात.

बदल आला १९५६ मध्ये. सर्वसामान्यांना पाच-सहा मिनिटांत करता यावा असा २४ मुद्रांचा सोपा फॉर्म चीनच्या सरकारी क्रीडा यंत्रणेने प्रसिद्ध केला. त्यात सातव्या क्रमांकावर डावी 'चिमणीची शेपटी' आणि आठव्यावर उजवी. खाली बसून एका पायावर उठणंही दोन्ही बाजूंना. 'एकेरी चाबूक' मात्र जुन्याच दिशेला राहिला. परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांना ही मोडतोड वाटते: एका हातात जोर भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, म्हणजे डावी बाजू आधीपासून कामात आहेच, वेळ खोलीसाठी द्यावा. या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही रोज त्याच पायावर बसणाऱ्या, त्याच बाजूला वळणाऱ्या कमरेचं काय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

या चर्चेत एक शब्द फार गोंधळ घालतो: 'श्वांगचुंग', म्हणजे दुहेरी वजन. एकोणिसाव्या शतकात प्रसारात आलेल्या जुन्या सूत्रग्रंथात हा दोष म्हणून येतो. वर्षानुवर्षं सराव करूनही दुसऱ्याचा जोर जिरवता येत नाही, त्याचं कारण हाच दोष न ओळखणं, असं तिथे म्हटलं आहे. बहुतेकांना शिकवला जाणारा अर्थ असा, की दोन्ही पायांवर सारखं वजन नको. पण फॉर्मची सुरुवातच सारख्या वजनावर उभं राहून होते! त्याच ग्रंथात डावीकडे भार जाणवला की डावी रिकामी करा, उजवीकडे जाणवला की उजवी नाहीशी करा, असंही आहे. म्हणजे बोलणं समोरच्याच्या जोराला जोराने अडवण्याबद्दल आहे, असं मला वाटतं. त्यात भर म्हणजे 'चुंग'चं चिन्ह 'छुंग' असंही वाचतात आणि मग अर्थ होतो 'पुन्हा, दुहेरी थर'. कोणत्याही वाचनाने डाव्या बाजूचा फॉर्म दोषी ठरत नाही. आज डावीवर, उद्या उजवीवर वजन नेणं म्हणजे दोन्हीवर एकदम वजन ठेवणं नव्हे.

१९७० च्या दशकातल्या ४८ मुद्रांच्या फॉर्मने पुढची पायरी गाठली: त्यात 'एकेरी चाबूक' डावा आणि उजवा, दोन्ही आले. १९८९ मध्ये स्पर्धेसाठी ४२ मुद्रांचा फॉर्म बांधला गेला आणि पुढच्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत वूशू (चिनी युद्धकलांचा स्पर्धात्मक खेळ) आलं. जुना लांब फॉर्म संपूर्ण आरशात करणारे आजही थोडेच आहेत. करताना पहिले काही महिने त्यांना आपल्याच पायांचा पत्ता लागत नाही.