पडल्यावर उठण्याची घाई

२६ जून १९५९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये हेवीवेट जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन तिसऱ्या राउंडमध्ये इंगेमार योहान्सनच्या उजव्या हाताचा ठोसा खाऊन खाली गेला. पडलेल्याने उठावं म्हणून रेफ्री मोजतो ते दहा आकडे पुरे व्हायच्या आत तो उठला. नियमाने सगळं ठीक होतं. पण उठल्यावर त्याने योहान्सनकडे चक्क पाठ फिरवली आणि कोपऱ्याच्या दिशेने चालू लागला, जणू पाडणारा तोच होता. योहान्सनने मागून गाठून त्याला पुन्हा लोळवलं. त्या एका राउंडमध्ये पॅटरसन सात वेळा पडला, तेव्हा कुठे लढत थांबली.

पुढच्याच वर्षी, २० जून १९६० ला, त्याने योहान्सनला पाचव्या राउंडमध्ये गारद करून किताब परत मिळवला. गमावलेला हेवीवेट किताब परत मिळवणारा तो पहिलाच. त्यामुळे ही कहाणी नेहमी जिद्दीची म्हणून सांगितली जाते. मला त्यातले पहिल्यांदा पडल्यानंतरचे दोन-चार सेकंद जास्त बोलके वाटतात. पाय चालत होते, तोल बऱ्यापैकी सावरलेला होता, पण आपण कुठे आहोत आणि समोर कोण आहे याचा हिशेब डोक्यात लागलेला नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आता आपल्याकडे शहरोशहरी निघालेले बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि एमएमएचे (मिश्र मार्शल आर्ट्सचे) क्लास. तिथे आठवड्यातून एक-दोनदा स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत असते. रेफ्री नसतो, डॉक्टर तर नसतोच. एखादा मुलगा पडतो, लगेच उठतो, ग्लोव्हज एकमेकांवर आपटतो आणि म्हणतो, ‘काही नाही सर, ठीक आहे.’ सर म्हणतात, ‘शाब्बास, चल.’ या दोन वाक्यांत जी गडबड आहे ती समजायला मेंदूकडे बघावं लागतं.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो आणि खरवसासारखा मऊ असतो. खरवसाचं भांडं सरळ पुढे-मागे ढकललं तर वडीला फारसं काही होत नाही. भांडं झटक्यात फिरवलं, तर कडेचा भाग भांड्याबरोबर जातो, मधला मागे राहतो आणि वडी आतून फाटते. ऑक्सफर्डच्या होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू बनवून हेच दाखवलं होतं: मेंदू दाबाला चिवट, पण पिळाला फार कच्चा.

आता हनुवटीकडे बघा. मानेच्या सांध्यापासून ती बरीच लांब, म्हणजे डोकं फिरवायला आयती तरफ. कपाळावर बसलेला ठोसा डोकं मागे ढकलतो. हनुवटीच्या कडेवर बसलेला हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, डोकं गर्रकन फिरवतो. म्हणून तर हनुवटी छातीकडे घेऊन उभं राहायला पहिल्या दिवसापासून घोकवून घेतात. ठोशाची ताकद किती, याचं एक मोजमाप उपलब्ध आहे. ब्रिटनचा हेवीवेट फ्रँक ब्रुनो याचा ठोसा १९८५ मध्ये प्रयोगशाळेत मोजला गेला. हात निघाल्यापासून सुमारे दशांश सेकंदात मूठ ताशी ३२ किलोमीटरच्या वेगाने लक्ष्यावर पोचली आणि ४०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोच्या वजनाइतका जोर त्यात होता. आपल्या क्लासमध्ये ब्रुनो नसतो हे खरं, पण समोरच्याची मानही हेवीवेटची नसते.

ठोसा दिसला असेल तर मान आपोआप ताठते आणि डोकं कमी फिरतं. न दिसलेला ठोसा पाडतो, असं बॉक्सर म्हणतात, त्यात निम्मं भौतिकशास्त्र आहे. मानेच्या ताकदीचाही उपयोग होतो. फुटबॉल, बास्केटबॉल, लॅक्रॉस खेळणाऱ्या अमेरिकी शाळकरी खेळाडूंच्या एका मोठ्या पाहणीत मानेची ताकद एका पौंडाने वाढली की मेंदूला धक्का बसण्याची (कन्कशनची) शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी दिसली. दंड-बैठकांना हौसेने तासभर देणारे मानेच्या व्यायामाला पाच मिनिटं देत नाहीत, हे मात्र कोड्यात टाकणारं आहे.

झटका बसला की मेंदूतले लांब तंतू क्षणभर ताणले जातात आणि त्यांच्या आवरणातली दारं अवेळी उघडतात. पोटॅशियम बाहेर सुटतं, कॅल्शियम आत घुसतं, ग्लुटामेट या रसायनाचा एकच लोंढा येतो आणि पेशी अंदाधुंद संदेश सोडून मग गप्प होतात. जाग टिकवून ठेवणारं जाळं ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाच्या देठात असतं; तिथवर ही गडबड पोचली की माणूस कोसळतो. त्यानंतरचा भाग बाहेरून दिसत नाही. सांडलेलं पोटॅशियम परत आत भरायला पेशींचे पंप पूर्ण वेगाने चालू होतात आणि ऊर्जा खात सुटतात. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. खर्च वाढलेला आणि आवक आटलेली, अशी ही ओढाताण काही मिनिटांत मिटत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती सात-दहा दिवस चाललेली दिसते. या काळात दुसरा मार बसला तर तोच ठोसा जास्त नुकसान करतो. लहान वयाच्या खेळाडूंमध्ये क्वचित अशा दुसऱ्या माराने मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणजे दहा आकड्यांत उठता येणं ही पायांची परीक्षा झाली. ती बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांतून आली. लढत चालू ठेवायची की संपवायची, एवढंच ठरवण्यासाठी ती होती. सरावात किताब पणाला लागलेला नसतो, त्यामुळे तिथे मोजायचं तरी कशासाठी?

दुसरी अडचण अशी, की ‘ठीक आहे’ हा निकाल ज्या मेंदूकडून येतो, मार त्यालाच बसलेला असतो. खेळात मेंदूला बसलेल्या धक्क्याच्या दहातल्या नऊ घटनांत शुद्ध हरपतच नाही. माणूस बोलतो, हसतो, पुढचा राउंडही करतो, आणि संध्याकाळी त्याला तो राउंड आठवत नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्यांवर काम करून दाखवलं, की नाव काय, जन्मतारीख काय, असले प्रश्न मार बसलेल्यालाही बरोबर येतात. चुकतात ते ताज्या आठवणीचे प्रश्न. तेव्हा पडलेल्याला बोटं किती ते विचारण्यापेक्षा हे विचारावं: आता कितवा राउंड चालू होता? त्याआधी कोणाबरोबर केलास? आज वॉर्म-अपला काय घेतलं होतं? उत्तर बरोबर आलं म्हणून सूट नाही, पण चुकलं तर वादच संपला.

बोलण्याआधी बघण्यासारखंही बरंच असतं. पडताना हात जमिनीकडे आले का, की तसेच राहिले? पडल्या पडल्या एक हात कोपरात वाकून आणि दुसरा ताठ हवेत उभा राहिला, तर मेंदूला जोराचा धक्का बसल्याची ती खूण आहे. उठल्यावर पाऊल टाकताना पाय किंचित रुंद पडतात का? नजर चेहऱ्यावर ठरते, की पलीकडे कुठेतरी? माउथगार्ड तोंडातून काढायला नेहमीपेक्षा वेळ लागतो का? यातलं एक जरी दिसलं, तरी त्या दिवसाचं स्पॅरिंग संपलं. हा निर्णय पडलेल्याकडे ठेवूच नये. क्लासमध्ये नाव घालतानाच सांगून टाकावं, की डोक्यावर मार खाऊन पडणारा त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये जात नाही. म्हणजे ऐन वेळी कोणाच्या इभ्रतीचा प्रश्न येत नाही.

पोटावरच्या ठोशाने पडणं हे वेगळं प्रकरण. १८ सप्टेंबर २००४ ला बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर दे ला होयाला नवव्या राउंडमध्ये उजव्या बरगडीखाली, यकृतावर हूक मारून बसवलं. दे ला होया पूर्ण शुद्धीत होता, रागाने जमिनीवर मूठ आपटत होता, पण उठू शकला नाही. यकृताचं आवरण वेदनेला फार हळवं असतं आणि त्या धक्क्याने रक्तदाब व नाडी एकदम खाली जाते, असं मानलं जातं. जिद्दीचा तिथे इलाज चालत नाही. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचं, श्वास येऊ द्यायचा. एक-दोन मिनिटांत बहुतेकांना बरं वाटतं. पोटात दुखतच राहिलं, खांद्यात कळ आली, लघवीतून रक्त गेलं, तर मात्र दवाखाना.

पडण्यात दुसरा मार जमिनीचा असतो आणि कधी कधी तोच मोठा. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती खोरून मऊ ठेवतात, त्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे. फरशीवर बोटभर मॅट टाकून स्पॅरिंग घेणाऱ्या क्लासला ते कोणी सांगायचं? जूदोत पडायला शिकवणं हाच पहिला धडा असतो: हनुवटी छातीला, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून थोडा तिरका ठेवून मॅटवर सपकन मारायचा. तरीही जपानमध्ये १९८३ ते २०११ या काळात शाळांतल्या जूदोत ११८ मुलं दगावली, हे नागोया विद्यापीठाचे र्‍यो उचिदा यांनी मोजून काढलं, तेव्हा देश हादरला. बरेच मृत्यू डोक्यातल्या रक्तस्रावाने झाले होते आणि नवशिकी मुलं त्यात जास्त होती. मेंदूच्या पृष्ठभागावरून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा झटक्याने तुटतात आणि रक्त साचत जातं. डोकं जमिनीला लागलंच पाहिजे असंही नाही. म्हणून पडल्यानंतर काही तास कोणीतरी सोबत हवं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, फिट आली, हातापायात कमजोरी आली, बोलणं बोबडं झालं, झोपेतून उठवता येईना, तर वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठायचं.

हेडगार्ड होतं ना, असं यावर कोणीतरी म्हणतंच. त्याने भुवई फुटत नाही, डोकं फिरायचं थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून सक्तीचं असलेलं हेडगार्ड पुरुष बॉक्सरांच्या डोक्यावरून २०१६ च्या रिओ स्पर्धेत निघालं, आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

मग पुढचे दिवस. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, हा जुना सल्ला आता कोणी देत नाही. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिच्या निष्कर्षांनुसार पहिले २४ ते ४८ तास सैल विश्रांती, स्क्रीन कमी, आणि मग त्रास फारसा वाढणार नाही इतकं चालणं, सायकल. मग शॅडो (हवेतले ठोसे), मग बॅग (टांगलेल्या पिशवीवर ठोसे), मग पॅड (सरांच्या हातातल्या गादीवर ठोसे). बसल्याजागी आणि दमल्यावरही कुठलंच लक्षण उरलं नाही आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, की मगच समोर माणूस. हौशी बॉक्सिंगचे आंतरराष्ट्रीय नियम याहून कडक: एकदा नॉकआउट झाल्यास किमान ३० दिवस, तीन महिन्यांत दोनदा झाल्यास ९० दिवस आणि बारा महिन्यांत तीनदा झाल्यास वर्षभर लढत नाही, स्पॅरिंगही नाही. मार बसला त्या दिवशी गाडी चालवू नये, दारू नको, आणि मनाने गोळी घेऊन डोकेदुखी दाबू नये. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन तर नकोच, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

शरीर सावरतं, पण पुष्कळांचं घोडं पुढे अडतं ते भीतीपाशी. परत आल्यावर समोरच्याचा खांदा हलला तरी डोळे मिटतात, मान वळते, पाय मागे जातात. याला भित्रेपणा म्हणणं अन्याय आहे. डोळे मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सेकंदाच्या विसाव्या भागात होते, पाहून विचारपूर्वक हालचाल करायला पाचवा भाग लागतो, आणि ठोसा दहाव्या भागात पोचतो. कसलेला बॉक्सर ठोसा बघून चुकवत नाही, तो निघण्याआधीच खांदा, कंबर, पाऊल वाचतो. डोळे मिटले की वाचणं बंद, आणि न दिसलेला ठोसाच जास्त लागतो.

ही भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढवावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत दिसलं, की एका जागी विझवलेली भीती जागा बदलली की पुन्हा डोकं काढते. आपल्या क्लासमध्ये निर्धास्त झालेला मुलगा दुसऱ्या क्लासमध्ये पाहुणा म्हणून गेल्यावर पुन्हा डोळे का मिटतो, ते यावरून कळतं. म्हणून परतीची सुरुवात ज्याने पाडलं त्याच्याबरोबरच करावी, पण ठरवून: आधी फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), तोही खांद्यावर, निम्म्या वेगाने, डोळे उघडे ठेवणं एवढंच काम. मग डोक्यावर हलका स्पर्श. मग दोन ठोशांची जोडी. दर पायरीला जोडीदार बदलावा, जमलं तर जागाही. ‘घाबरतो काय, आत शीर’ म्हणत पहिल्याच दिवशी पूर्ण जोराचे राउंड दिले, तर मेंदू एवढंच शिकतो की भीती बरोबर होती.

क्लास निवडताना फळ्यावरची पदकं सगळेच बघतात. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून शेकडो व्यावसायिक लढवय्यांचे मेंदू तपासले, तेव्हा लढती जितक्या जास्त तितके मेंदूतले थॅलॅमस आणि कॉडेट हे भाग लहान आणि विचारांचा वेग मंद आढळला. त्यांनी मोजल्या त्या लढती. सरावातले ठोसे कोणाच्याच वहीत नसतात. तेव्हा सरांना एवढं तरी विचारावं, की जोराचं स्पॅरिंग महिन्यातून किती वेळा घेता, आणि याआधी पडलेल्या मुलाला तुम्ही कधी परत घेतलं होतं.