‘युरोपीय मालिकेला युरिमाज पैसे देतं’ हे खरं नाही

हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. १९८८मध्ये स्थापन झालेला युरिमाज हा युरोप परिषदेचा निधी. तो चित्रपटगृहांसाठीच्या, किमान ७० मिनिटांच्या चित्रपटांना मदत करतो. मालिकांच्या सहनिर्मितीसाठी परिषदेने २०२३मध्ये वेगळा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला.

कथा कागदावर असताना लागणारा विकासनिधी मात्र युरोपीय संघाच्या ‘क्रिएटिव्ह युरोप’मधल्या मीडिया विभागातून मिळतो. परिषद आणि संघ या दोन निराळ्या संस्था. सगळा घोळ इथेच होतो. ब्रिटन परिषदेत आहे, पण २०२०नंतर क्रिएटिव्ह युरोपमध्ये नाही. म्हणून लंडनच्या कंपनीला या निधीसाठी अर्जदार भागीदार धरू नका.

सहविकासाच्या, म्हणजे कंपन्यांनी मिळून मालिका विकसित करण्याच्या, अर्जाला क्रिएटिव्ह युरोपमधल्या सहभागी देशांपैकी दोन वेगळ्या देशांतल्या किमान दोन स्वतंत्र निर्मिती कंपन्या लागतात. लेखकाला एकट्याने अर्ज करता येत नाही. एकाच वाहिनीकडे कंपनीचे २५ टक्क्यांहून जास्त भाग असतील, तर ती ‘स्वतंत्र’ ठरत नाही. भागधारकांची यादी आधी तपासा.

हे पैसे चित्रीकरणाचे नाहीत. हक्क, संशोधन, पटकथेचे खर्डे, मालिकेचं बायबल (पात्रं, जग, कथेची दिशा सांगणारा दस्तऐवज), अंदाजपत्रक, वित्तयोजना यांसाठी ते आहेत.

खरी अडचण हक्कांची. कादंबरीवर मालिका बेतली आहे, लेखिकेचा तोंडी होकार आहे, पण सही-तारखेचा ऑप्शन करार (ठरावीक मुदतीत हक्क विकत घेण्याची मुभा देणारा करार) नाही? तो अर्ज लंगडाच. करार आधी करा, आणि त्याची मुदत विकासाच्या काळाला पुरेल एवढी ठेवा.