चरबी वाहणारा धोटा

सोलापुरात आता पेठेपेठेत जिम आहे आणि जिमच्या शेजारी पावडरी-गोळ्यांचं दुकान. लग्न दोन महिन्यांवर आलेली पोरं तिथं हमखास एक बाटली मागतात: एल-कार्निटिन. दुकानदाराच्या तोंडी तिचं नाव 'फॅट कटर'. लेबलवर पेटती ज्वाळा, खाली मिलिग्रॅमचा चारआकडी आकडा, आणि बारीक अक्षरात 'एल-कार्निटिन एल-टार्ट्रेट'. हे बारीक अक्षर वाचावं. टार्ट्रेट हा क्षार आहे. त्याच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग कार्निटिन, उरलेलं टार्टारिक आम्ल.

ज्वाळेचं चित्र मात्र चुकीचंच आहे. कार्निटिन चरबी वाहून नेतं, जाळणारे दुसरेच.

१९०५ साली रशियात गुलेविच आणि क्रिमबर्ग या दोघांनी मांसाच्या अर्कातून हा पदार्थ वेगळा काढला. त्याचं शरीरात काम काय, हे कळायला पुढची पन्नासएक वर्षं गेली. मधल्या काळात लक्षात आलं, की पिठात वाढणाऱ्या एका किड्याच्या अळ्या हा पदार्थ मिळाला नाही तर मरतात. म्हणून त्याला 'बी-टी जीवनसत्त्व' म्हणू लागले. माणसाला ते नाव लागू पडत नाही, कारण आपलं शरीर कार्निटिन स्वतः बनवतं. १९५५ मध्ये अर्व्हिंग फ्रिट्झ यांनी दाखवलं, की कार्निटिन मिळालं की यकृतात मेदाम्लांचं, म्हणजे चरबीच्या मुख्य घटकांचं, ज्वलन वाढतं. तिथून चरबीशी त्याचा संबंध जुळला.

पेशीत चरबी जळते ती मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तंतुकणिकांत. त्यांना दोन पडदे असतात आणि आतला पडदा भलताच कडक. करडईच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल घ्या. त्यात १८ कार्बनची साखळी असते. एवढं लांब मेदाम्ल आतल्या पडद्यातून आपणहून जाऊ शकत नाही. बाहेरच्या पडद्यावर त्याला कार्निटिन जोडलं जातं, ही जोडी पडद्यातल्या एका प्रथिनाच्या वाटेनं आत जाते, आत मेदाम्ल उतरवलं जातं आणि रिकामं कार्निटिन त्याच वाटेनं बाहेर येतं. मागावरचा धोटा आठवा. लाकडी अंग, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी. ताण्यातून इकडून तिकडे जातो, बाणा टाकतो, परत येतो. दिवसभर फेऱ्या मारूनही तो कापडात विणला जात नाही. कार्निटिनही चरबीबरोबर जळून जात नाही. जीवरसायनशास्त्रात या येरझाऱ्यांना 'कार्निटिन शटल' असंच म्हणतात. (नव्या रॅपियर मागांवर धोटा उरला नाही. शरीरानं अजून तरी माग बदललेला नाही.)

आता खरा प्रश्न. धोटे वाढवले तर कापड जास्त निघेल का? माग ज्या गतीनं चालतो त्याच गतीनं निघेल. चरबी आत सोडायची की नाही हे ठरवतं सीपीटी-१ नावाचं विकर (एन्झाइम), आणि ते आपल्या जेवणाच्या तालावर चालतं. पिठूळ-गोड खाल्लं की इन्शुलिन वाढतं, पेशीत मॅलोनिल-कोए नावाचा रेणू वाढतो आणि तो या विकराला अडवतो. साखर हाताशी असताना चरबी कशाला जाळा, असा शरीराचा हिशोब. उपाशीपोटी किंवा भरभर चालताना हा अडसर सैल होतो. त्यामुळे व्यायामाआधी कार्निटिनचा घोट आणि व्यायामानंतर गोड लस्सीचा मोठा ग्लास, हा बेत मला तरी फारसा पटत नाही.

दुसरी अडचण शोषणाची. अन्नातलं कार्निटिन निम्म्याहून जास्त शोषलं जातं. गोळीतून एकदम मोठी मात्रा घेतली तर जेमतेम ५ ते २५ टक्के. रक्तात आलेलंही स्नायूत सहजी शिरत नाही. शरीरातलं ९५ टक्क्यांहून जास्त कार्निटिन मुळातच स्नायूंत आणि हृदयात भरलेलं असतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०११ मध्ये एका प्रयोगात स्नायूतलं कार्निटिन साधारण २१ टक्के वाढवून दाखवलं. त्यासाठी लोकांनी २४ आठवडे रोज दोनदा कार्निटिन घेतलं, आणि प्रत्येक वेळी सोबत ८० ग्रॅम कर्बोदकं. चरबी कमी करायला निघालेल्या माणसाला हा सौदा कितपत परवडेल? वजनाबद्दलच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर सरासरी फरक एक-सव्वा किलोच्या आसपास दिसतो. अगदी शून्य नाही, पण ज्वाळेच्या चित्राएवढाही नाही.

मग रोजचं कार्निटिन येतं कुठून? लाल मांसात ते सर्वांत जास्त, त्यामुळे मटणाचा रस्सा ओरपणाऱ्यांना चिंता नाही. कोंबडीत त्यामानानं अगदीच थोडं, कपभर दुधात साधारण ८ मिलिग्रॅम, धान्य-भाज्यांत नावापुरतं. शाकाहारी माणसाचं काम अडत नाही, कारण यकृत आणि मूत्रपिंडं मिळून रोज अंदाजे १० ते २० मिलिग्रॅम बनवतात, आणि मूत्रपिंडं गाळलेलं बहुतेक सगळं कार्निटिन परत रक्तात घेतात. बाहेरून कमी मिळालं तर आणखी काटकसर करतात. जास्त ओतलं तर लघवीवाटे सोडून देतात.

बनवायला लागतात लायसिन आणि मेथिओनिन ही दोन अमिनो आम्लं, शिवाय लोह, क जीवनसत्त्व, बी-६ आणि नायसिन. इथं आपलं ताट बघण्यासारखं आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी चवीला कितीही सरस असली तरी सगळ्या ज्वारीप्रमाणे तिच्यातही लायसिन कमी. शेंगाचटणी तोंडाला पाणी आणते, पण शेंगदाणाही लायसिनच्या बाबतीत हात आखडताच. म्हणजे नुसती कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेल, यावर दिवस काढला तर नेमका हाच कच्चा माल कमी पडतो. हरभरा, तूर, मटकी यांत लायसिन भरपूर, मेथिओनिन मात्र बेताचं. ते थोडंफार भाकरी भरून काढते. भाकरीबरोबर पिठलं, आमटी किंवा मोडाची उसळ असली की जोडी जमते. वर लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वही मिळतं आणि डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

कार्निटिन औषध म्हणून खरोखर लागणारी माणसं आहेत. जन्मतः ज्यांच्या पेशींत कार्निटिन ओढून घेणारं प्रथिनच सदोष असतं, त्या मुलांत हृदय कमजोर होतं आणि उपाशी राहिल्यावर साखर एकदम खाली जाते. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर हा दोष जगात सर्वांत जास्त आढळतो. अशा मुलांना कार्निटिन आयुष्यभर द्यावं लागतं आणि त्यावर ती ठणठणीत राहू शकतात. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांना आणि फिटसाठी व्हॅलप्रोएट घेणाऱ्या काहींनाही डॉक्टर ते देतात. हृदयविकारात त्याचा उपयोग होतो का, यावर चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

रोज ३ ग्रॅमच्या आसपास गेलं की मळमळ, जुलाब होऊ शकतात आणि घामाला चक्क मासळीचा वास येतो. आतड्यातले जीवाणू कार्निटिनपासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, त्याचा हा वास. यकृत त्याचं टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाइन-एन-ऑक्साइड) करतं. रक्तात टीएमएओ जास्त असलेल्यांत हृदयरोग अधिक दिसतो, म्हणून २०१३ पासून या साखळीवर बराच अभ्यास चालू आहे. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, थायरॉइडचं औषध असेल किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर बाटली फोडण्याआधी ती डॉक्टरांना दाखवावी, जिमच्या ट्रेनरला नव्हे.