तीनशे ओहमचा बागुलबुवा

चांगला हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक सल्ला मिळतो. "तीनशे ओहमचा आहे? मग त्याला तगडा ॲम्प (ॲम्प्लिफायर) लागणार. त्यापेक्षा बत्तीस ओहमचा घे, मोबाइलवरही मस्त वाजेल." लॅमिंग्टन रोडच्या दुकानात हेच, यूट्यूबवर हेच, ऑफिसातल्या जाणकार मित्राकडेही हेच. सांगणाऱ्याची तळमळ खरी असते, पण सल्ल्यातलं पदार्थविज्ञान अर्धंच असतं. त्या अर्ध्या माहितीपायी कुणी गरज नसताना महागडा ॲम्प घेतं, तर कुणी अत्यंत भुकेला हेडफोन "कमी ओहमचा आहे" म्हणून थेट मोबाइलला जोडतं आणि मग हेडफोनलाच नावं ठेवतं.

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे पुरतो. सोबत डेसिबलच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: विद्युतशक्ती दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबलने.

सेनहायझरचा एचडी ६५० हा २००३ पासून नावाजलेला हेडफोन घेऊ. इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, ३०० ओहम. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे त्याला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज मिळतो. घरी निवांत ऐकताना सरासरी आवाज ७५ डेसिबलच्या आसपास ठेवला, तरी तबल्याची एखादी थाप किंवा ऑर्केस्ट्राचा एकदम उसळलेला स्वरपुंज क्षणभर वीस-पंचवीस डेसिबलने वर जातो. थोडी मोकळीक ठेवून आपण ११० डेसिबलची तयारी ठेवू. म्हणजे १०३ च्या वर आणखी ७ डेसिबल, म्हणजे व्होल्टेज सव्वादोन पट: सुमारे २.२ व्होल्ट. प्रवाह निघतो साडेसात मिलिॲम्पिअर, शक्ती जेमतेम १७ मिलिवॅट.

आता हायफायमॅनचा एचई-६. इम्पीडन्स फक्त ५० ओहम. वरच्या सल्ल्याप्रमाणे हा सोपा असायला हवा. पण त्याची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेला मिळणारा आवाज, १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल एवढीच आहे. ११० गाठायला साडेसव्वीस डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे ४५० मिलिवॅट. व्होल्टेज ४.७, प्रवाह जवळजवळ ९५ मिलिॲम्पिअर. तीनशे ओहमच्या हेडफोनला १७ मिलिवॅट पुरले आणि पन्नास ओहमच्या हेडफोनने त्याच्या पंचवीस पटींहून जास्त मागितले! बऱ्याच फोनमधून आणि छोट्या डोंगलमधून जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास मिळतो. त्यावर एचडी ६५० चे चढ १०३ डेसिबलपर्यंत जातील, बहुतेकांना तेवढं पुरेल. एचई-६ मात्र ९६ च्या पुढे जेमतेम सरकेल.

मग ओहमचा आकडा सांगतो तरी काय? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० मध्ये आहे. हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत बनला. फरक कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा: जास्त ओहमच्या कॉइलमध्ये तार बारीक आणि वेढे जास्त. तिन्हींना ११० डेसिबलसाठी शक्ती साधारण तेवढीच लागते, २५ मिलिवॅट. पण ३२ ओहमवाला ती ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिॲम्पिअर अशी घेतो, तर ६०० ओहमवाला ३.९ व्होल्ट आणि साडेसहा मिलिॲम्पिअर अशी. शक्ती कोणत्या रूपात हवी, व्होल्टेज जास्त की प्रवाह जास्त, एवढंच ओहम सांगतात. किती हवी ते संवेदनशीलता सांगते. माहितीपत्रक वाचताना मात्र एक मेख लक्षात ठेवा: काही कंपन्या संवेदनशीलता १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. एचडी ६५० चे १ व्होल्टला १०३ म्हणजे १ मिलिवॅटला सुमारे ९८. एकक न बघता दोन हेडफोनचे आकडे शेजारी ठेवले तर निष्कर्ष हमखास चुकतो.

इथवरचा हिशोब आवाज किती मोठा याचा झाला. आवाजाचा पोत कसा बदलतो, हा त्याहून सुंदर विषय आहे, आणि माझ्या मते ॲम्प निवडताना तोच समजून घेण्यासारखा आहे.

हेडफोनच्या आत एका पातळ पडद्याला कॉइल चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या फटीत असते. कॉइलमधून प्रवाह गेला की बल निर्माण होतं, पडदा हलतो, हवा हलते, आपल्याला गाणं ऐकू येतं. पण चुंबकीय क्षेत्रात तार हलली की तिच्यात वीज निर्माण होते, हा फॅरेडेचा १८३१ चा शोध. म्हणजे हेडफोन वाजत असताना त्याच क्षणी वीजही तयार करत असतो. पटत नसेल तर जुन्या संगणकाच्या माइकच्या खाचेत हेडफोन लावा आणि त्यात बोला, रेकॉर्डिंग होतं. स्टुडिओत बास ड्रमसमोर चक्क लाउडस्पीकरचा कोन माइक म्हणून लावतात, आणि यामाहाने तर 'सबकिक' नावाने असा तयार माइक बाजारात आणला होता.

ही तयार झालेली वीज कोणत्या दिशेने काम करते? लेन्झने १८३४ मध्ये सांगितलं तसं, कारणाला विरोध करणाऱ्या दिशेने. ॲम्प पुढे ढकलतो, हेडफोनचा स्वतःचा उलटा व्होल्टेज मागे रेटतो. पडद्याचा वेग जितका जास्त तितका हा विरोध जास्त. आणि पडद्याचा वेग सर्वांत जास्त कधी असतो? त्याच्या स्वाभाविक वारंवारतेला. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा झोका दिला तरी तो उंच जातो, तसंच पडद्याचं.

एचडी ६५० मध्ये ही जागा ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान आहे. डग्ग्याच्या घुमाऱ्याचा मोठा भाग इथेच असतो. तिथे मोजलं तर या 'तीनशे ओहम'च्या हेडफोनचा इम्पीडन्स पाचशेच्या आसपास भरतो. तारेचा रोध वाढलेला नाही, ती तेवढीच आहे. झालंय असं: मधल्या पट्टीत १ व्होल्टला ३.३ मिलिॲम्पिअर वाहतात, तर इथे २. तारेच्या ३०० ओहमवर २ मिलिॲम्पिअर म्हणजे ०.६ व्होल्ट. उरलेले ०.४ व्होल्ट कुठे गेले? ते हेडफोनने स्वतः निर्माण केलेल्या उलट्या व्होल्टेजला तोंड देण्यात खर्ची पडले. दिलेल्या एका व्होल्टपैकी दोन पंचमांशाला हेडफोन स्वतःच्या विजेने विरोध करतोय! हे गणित पहिल्यांदा मांडलं की थक्क व्हायला होतं.

आता ॲम्पकडे वळू. प्रत्येक ॲम्पच्या पोटातही थोडा रोध असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो आणि हेडफोन एकसर जोडणीत येतात आणि व्होल्टेज वाटून घेतात. ॲम्पचा हा रोध १२० ओहम असला तर मधल्या पट्टीत हेडफोनच्या वाट्याला ४२० पैकी ३०० भाग, म्हणजे ७१ टक्के येतात. शंभर हर्ट्झच्या आसपास ६२० पैकी ५००, म्हणजे ८१ टक्के. खर्ज १३ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १ डेसिबलने फुगला.

हेच दुसऱ्या बाजूने बघता येतं. हेडफोनने तयार केलेली वीज कॉइल आणि ॲम्प यांच्या वर्तुळात फिरते आणि पडद्याला ब्रेक लावते. वर्तुळातला रोध ३०० वरून ४२० झाला की ब्रेकचा प्रवाह १.४ पटींनी घटतो. एचडी ६५० मध्ये पडद्याच्या कडेचं यांत्रिक घर्षण आणि हा विद्युत ब्रेक यांचं प्रमाण वरच्या आकड्यांवरून ३ ला २ निघतं. एकूण ब्रेक पाच भागांचा होता, तो ३ अधिक १.४३, म्हणजे ४.४३ भागांचा राहिला. पाचला ४.४३ ने भागा: १.१३. पुन्हा तेच १३ टक्के! व्होल्टेजच्या वाटणीचा हिशोब आणि ब्रेकचा हिशोब या दोन वेगळ्या घटना नाहीत, एकाच घटनेकडे बघण्याच्या दोन खिडक्या आहेत. "हा ॲम्प खर्जावर चांगला ताबा ठेवतो" असं श्रोते म्हणतात तेव्हा, तो फरक खरा असेल तर, मागे हेच असतं.

तीनशे ओहमच्या हेडफोनला हा परिणाम सौम्य आहे. खर्जात इम्पीडन्स त्याच प्रमाणात वाढणारा ३२ ओहमचा हेडफोन त्याच १२० ओहमच्या ॲम्पला जोडला तर खर्ज ३.३ डेसिबलने फुगेल, आणि ते कुणालाही जाणवेल. म्हणजे ॲम्पच्या निवडीबाबत जास्त चोखंदळ कमी ओहमवालेच असतात. यावर एक सोपा नियम रूढ आहे: ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा. एचडी ६५० ला एक-अष्टमांशाची मर्यादा, म्हणजे साडेसदतीस ओहम, लावून पाहिलं तर फरक ०.४ डेसिबलपर्यंत उतरतो.

१२० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या आउटपुटसाठी तोच होता. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये तर स्पीकरच्याच आउटपुटला शंभर ते काही शे ओहमचा रोध लावून हेडफोनची खाच काढलेली असे. व्हॉल्व्हचे (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या निर्वात नळ्यांचे), आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले ॲम्पही बहुधा याच पट्ट्यात असतात. एचडी ६५० सारख्या हेडफोनवर व्हॉल्व्हचा "उबदारपणा" जाणवतो, त्यात या १ डेसिबलचा मोठा वाटा असतो. तो आवडणं यात काही गैर नाही. फक्त तोच ॲम्प ३२ ओहमच्या हेडफोनला लावून त्याच उबेची अपेक्षा धरू नये.

प्लॅनर हेडफोनमध्ये, म्हणजे एचई-६ च्या जातीच्या हेडफोनमध्ये, तार पडद्यावर सगळीकडे पसरलेली असते आणि इम्पीडन्स सर्व वारंवारतांना जवळजवळ सपाट असतो. त्यांना ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सने आवाज थोडा कमी होईल, पोत बदलणार नाही. उलट एकाच बोंडात अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे घटक, कोंबलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स इतका वरखाली होतो की त्यांना एक-दोन ओहमच्या आतला ॲम्प लागतो.

जाहिरातदार इथे एक पाऊल पुढे जातात. "डॅम्पिंग फॅक्टर हजाराच्या वर!" म्हणजे हेडफोनचा इम्पीडन्स ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या हजार पटींहून जास्त. पण ब्रेकच्या वर्तुळात कॉइलचे ३०० ओहम कायमच बसलेले आहेत. ॲम्पचा रोध १ ओहमवरून ०.१ वर आणला तर वर्तुळाचा रोध ३०१ वरून ३००.१ होतो, ०.३ टक्के फरक. त्यासाठी जास्त पैसे मोजणं व्यर्थ. केबलवर बाण छापून "प्रवाह याच दिशेने" सांगणाऱ्यांबद्दल तर मला मनापासून राग आहे. संगीताचा प्रवाह प्रत्यावर्ती असतो, तो दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. बाण त्याला कसा काय अडवणार? पत्रिका बघून लग्न जमवण्याला नाकं मुरडणारी शिकलेली माणसं या बाणाला भुलतात, याचं वाईट वाटतं.

पुरेसं व्होल्टेज, पुरेसा प्रवाह, कमी आउटपुट इम्पीडन्स आणि कानाला न जाणवणारी खरखर, एवढं जमलं की चांगल्या ॲम्पमधला फरक ओळखणं फार अवघड होतं. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय हे टोपणनाव घेतलेल्या एका अभियंत्याने 'ओ-टू' नावाच्या ॲम्पचं संपूर्ण डिझाइन मोजमापांसकट सर्वांसाठी खुलं केलं. साध्या, स्वस्त ऑप-ॲम्प (व्होल्टेज वाढवणाऱ्या) चिप, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, आउटपुट इम्पीडन्स सुमारे अर्धा ओहम. त्याने महागड्या ॲम्पच्या जाहिरातींना मोजमापांनी उत्तर दिलं, आणि पुढे २०१२ मध्ये तो लिहिणं थांबवून नाहीसा झाला. डिझाइन राहिलं. दोन ॲम्पची तुलना करायचीच असेल तर दोन्हींचं व्होल्टेज आधी मोजून सारखं करा आणि कोणता चालू आहे हे न बघता ऐका. अर्धा डेसिबल जास्त वाजणारा ॲम्प कानाला "जास्त मोकळा, जास्त खोल" वाटतो. दुकानात कितीतरी ॲम्प एवढ्याच जोरावर विकले जातात.

एचई-६ ला पुरणारा ॲम्प संवेदनशील इअरफोनला जोडताना आवाजाची कळ आधी शून्यावर आणा. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. वरचे ११० डेसिबल क्षणिक चढांसाठी आहेत, सतत ऐकण्यासाठी नाहीत.

माहितीपत्रकात आउटपुट इम्पीडन्स बरेचदा दिलेलाच नसतो. तो घरी मोजता येतो. फोनवर ६० हर्ट्झचा सलग सूर लावा, कारण साधे मल्टिमीटर याच वारंवारतेला नीट मोजतात. आवाज बेताचा ठेवा, हेडफोन काढून ठेवा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. समजा ०.५० आलं. आता आउटपुटला ३३ ओहमचा एक रोधक जोडा आणि आवाजाची कळ न हलवता पुन्हा मोजा. समजा ०.४० आलं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून १ वजा करा, ३३ ने गुणा: ०.२५ गुणिले ३३, म्हणजे सव्वाआठ ओहम. असा ॲम्प एचडी ६५० ला उत्तम, ३२ ओहमच्या डीटी ८८० ला मात्र एक-अष्टमांशाच्या मर्यादेबाहेरचा.