हायस्कूलची घंटा आणि घराचं वेळापत्रक

अमेरिकेत अनेक ठिकाणी हायस्कूलचा (नववी ते बारावी) पहिला तास सकाळी साडेसात-आठच्या सुमारास सुरू होतो. स्कूल बस लांबून फिरत येत असेल तर सोळा वर्षांच्या मुलाला सहाच्याही आधी उठावं लागतं. या वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, असं तिथल्या निद्रावैद्यकाच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. म्हणजे मुलाने साडेनऊपर्यंत झोपी जायला हवं. ‘मग झोपावं लवकर, मोबाइल ठेवून द्यावा’ हे उत्तर पटकन सुचतं. पण त्या वयाच्या शरीराला ते सहसा जमत नाही, आणि शाळेची वेळ पुढे ढकलण्याचा सगळा वाद तिथूनच निघतो.

आपण कधी झोपतो हे दोन गोष्टींवर ठरतं. जागं राहू तितकी झोपेची ओढ मेंदूत साचत जाते, ही पहिली. दुसरी म्हणजे जैविक घड्याळ. अंधार पडल्यावर ते मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना या दोन्ही गोष्टी बदलतात. मेलॅटोनिन उशिरा वाढायला लागतं, आणि झोपेची ओढही लहानपणापेक्षा सावकाश साचते. त्यात भर म्हणजे झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीचा तास-दोन तासांचा काळ मेंदूच्या दृष्टीने चांगलाच सतर्कतेचा असतो. नेमक्या त्याच वेळी मुलाला अंथरुणात घातलं, तर ते नुसतं कूस बदलत पडून राहतं. पडद्याच्या उजेडाने हा उशीर वाढतो, हे खरंच. पण वयात येणाऱ्या इतर काही सस्तन प्राण्यांमध्येही झोपेची वेळ अशीच पुढे सरकलेली दिसते, आणि त्यांच्या हातात मोबाइल नसतो. माणसात हा उशीर विशीच्या आसपास टोकाला जातो आणि मग हळूहळू ओसरतो.

ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी हे प्रयोगशाळेत मोजलं. त्यांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांवर होता. नववीची शाळा ८:२५ ला भरायची, दहावीची ७:२० ला. शाळा लवकर झाली म्हणून मुलं लवकर झोपू लागली नाहीत, त्यांची झोप तेवढी कमी झाली. सकाळी साडेआठला त्यांना डोळे मिटून पडायला सांगितलं, तेव्हा त्यांना सरासरी पाच मिनिटांतच झोप लागली. अशा चाचण्यांत जवळपास निम्मी मुलं निदान एकदा झटपट रेम झोपेत गेली. ही स्वप्नांची झोप एरवी झोप लागल्यावर तासा-दीड तासाने येते. इतक्या झटपट ती येणं हे नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं लक्षण मानलं जातं. ही मुलं मात्र निरोगी होती. सकाळी साडेआठला त्यांच्या शाळेत शिकवणं सुरू होऊन तास उलटलेला असायचा.

शाळा उशिरा केली तर मुलं आणखी जागतील, ही शंका रास्त आहे. तिला सर्वांत चांगलं उत्तर सिएटलमध्ये मिळालं. तिथे २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी बदलाआधी आणि नंतर मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधून झोप नोंदवली. झोपायची वेळ जवळजवळ तीच राहिली आणि रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. केंटकीतल्या एका काउंटीत तर शाळा तासभर उशिरा केल्यावर पुढच्या दोन वर्षांत किशोरवयीन चालकांचे अपघात सुमारे साडेसोळा टक्क्यांनी घटले. तिथे सोळाव्या वर्षी मुलं गाडी चालवतात. म्हणून हा आकडा मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच मिडल (साधारण सहावी ते आठवी) आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. तरी गाडं अडतं. अडतं ते बसगाड्यांवर आणि घरांवर.

तिथे एकच बस सकाळी दोन-तीन फेऱ्या मारते. अनेक शाळा-जिल्ह्यांत (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) पहिली फेरी हायस्कूलची, मग मिडल स्कूल, शेवटी प्राथमिक. लहान मुलांनी अंधारात रस्त्यावर उभं राहू नये आणि मोठ्यांना दुपारी खेळाला, कामाला वेळ मिळावा, असा यामागचा विचार. मोठं भावंड आधी घरी पोचतं आणि धाकट्याला सांभाळतं, हा हिशेबही त्यातच बसलेला. घंटा हलवली की हे सगळं हलतं. ज्या आईची शिफ्ट सातला सुरू होते तिने आठला शाळा भरणाऱ्या मुलाला कुठे ठेवायचं? दुपारी धाकट्याला घ्यायला कोण जाणार? संध्याकाळी दुकानात काम करून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलाचे दोन तास कोण भरून देणार? या प्रश्नांना सबबी म्हणून उडवून लावणं मला चुकीचं वाटतं. वेळ ठरवणारे बहुतेकदा लवचीक नोकरीवाले असतात, आणि किंमत मोजतात ते पंचिंगच्या घड्याळाला बांधलेले.

बोस्टनमध्ये २०१७ च्या डिसेंबरात हेच घडलं. एमआयटीच्या संशोधकांनी बसमार्ग आणि घंटांचं गणित संगणकावर उत्तम सोडवलं होतं. हायस्कूलची वेळ पुढे जात होती, बसचा खर्चही वाचत होता. पण काही प्राथमिक शाळा सव्वासातला भरणार आणि दुपारी सव्वाच्या सुमारास सुटणार, हे कळल्यावर पालक रस्त्यावर आले आणि काही आठवड्यांत योजना गुंडाळावी लागली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये शाळा उशिरा भरवण्याचा कायदा केला आणि अंमलबजावणीआधीच, २०२५ मध्ये, मागे घेतला. बस, चालक आणि पैसा कुठून आणायचा, हे शाळा-जिल्ह्यांचं म्हणणं होतं. कॅलिफोर्नियाचा असाच कायदा टिकला. तो २०१९ च्या ऑक्टोबरात झाला आणि लागू झाला २०२२ च्या जुलैत, म्हणजे तयारीला अडीच वर्षांहून जास्त अवधी मिळाला. ग्रामीण जिल्ह्यांना त्यातून सूटही आहे.

माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण कोलोरॅडोतल्या चेरी क्रीक या शाळा-जिल्ह्याचं. २०१७ मध्ये त्यांनी फेऱ्यांचा क्रमच बदलला. प्राथमिक शाळा ९ वरून ८ वर आणल्या, हायस्कूल ७:१० वरून ८:२० ला नेलं आणि मिडल स्कूल ८ वरून ८:५० ला. हायस्कूलच्या मुलांची झोप रोज सरासरी ४५ मिनिटांनी वाढली, मिडल स्कूलच्या मुलांची २९ मिनिटांनी. प्राथमिकच्या मुलांची साधारण ११ मिनिटांनी कमी झाली. लहान मुलं निसर्गतःच लवकर झोपतात नि लवकर उठतात, त्यामुळे आठची शाळा त्यांना फारशी जड गेली नाही.

त्या बदलानंतर उरतो तो दुपारचा प्रश्न. प्राथमिकची मुलं तासभर आधी सुटतात, आणि त्यांना सांभाळणारं मोठं भावंड अजून वर्गात असतं. या तासाची सोय शाळेतच, शाळेच्या खर्चाने व्हायला हवी. वेळ बदलण्याच्या अंदाजपत्रकात बसच्या डिझेलइतकाच हा खर्चही पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे, आणि नवं वेळापत्रक पालकांच्या हाती निदान वर्षभर आधी पडलं पाहिजे, म्हणजे शिफ्ट बदलून मागायला त्यांना वेळ मिळेल.